घोडीचे बूट आणले तो दिवस

आप्पा, रविवारी दादाच्या नव्या घोडीला बूट घालून आले. पुढच्या दोन्ही पायांना, तुम्ही शिकवलं होतं तसेच. मी केडगावला शाळेत शिकवते आणि तिथंच राहते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझी बारावीसुद्धा झाली नव्हती. दादाचा फोन शनिवारी आला. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून त्याच्या जिवाला चैन नाही. आधी बैल घेतले, मग गाडा केला, आणि आता बैलांच्या पुढे पळायला घोडी. "मोबाइलवरनं बूट मागवल्यात गं. भारीतले हायेत. पण घातले की घोडी चार पावलं टाकती आन् पाय झाडायला लागती. तू एकदा येऊन बघ. तुझ्याबिगर हे कुणाला जमत न्हाई." नाही म्हणायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. मग माझी जादा चाकांची स्कूटर काढली, चौफुल्यावरून भीमेचा पूल ओलांडला आणि गेले.

गोठ्यात बसायला दादानं बुटकं स्टूल दिलं, कारण माझा डावा गुडघा वाकत नाही. त्यानं बूट उलटे घातले होते. डाव्या पायाचा उजव्याला, म्हणजे पट्ट्यांची टोकं आतल्या बाजूला आली आणि चालताना दुसऱ्या पायाला घासायला लागली. शिवाय पाय धुऊन ओलेच ठेवलेले. मी सगळं सोडलं. पाय कोरडा केला, पायाच्या नळीवरचे केस वरून खाली हातानं बसवले, बूट जरा वर धरून खाली सरकवला म्हणजे केस उलटे फिरत नाहीत. मधला पट्टा आधी, मग वरचा, आणि घोट्याखालून झोळीसारखा जाणारा पट्टा सगळ्यात शेवटी. तो आवळला की शीर दुखावते आणि सैल राहिला तर त्याचा काही उपयोगच नाही. मग प्रत्येक पट्ट्याखाली एक बोट घालून बघितलं. घोडी चालली, मग दुडकी गेली, पाय झाडला नाही. दादा खूश झाला. म्हणाला, "आप्पांचाच हात हाय बघ तुझा. खरं सांगू? आप्पांनी आपल्या दोघांत तुलाच जास्त जीव लावला. मला नुसतं घोडीवर बसवलं, पण घोडीचे पाय तुझ्या ताब्यात दिले."

मी उठले. बोटाला घोडीचा घाम होता, तो ओढणीला पुसला. पण तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. बोलायचं म्हणजे भांडायचं आहे, आणि तुम्ही तर भांडायला उरला नाहीत.

आपली तांबडी तुम्हाला आठवत असेलच. माणसं मेल्यावर काय आठवतात मला ठाऊक नाही, पण तुम्हाला काही आठवत असेल तर तीच आठवत असेल. शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या पट्टीवर, बैल सुटायच्या आधी ती पुढे उभी असायची, पाठीवर दादा, अंगानं वाळलेला आणि डोक्याला टॉवेल बांधलेला. झेंडा पडला की ती चढावर उधळायची आणि तिच्या मागं चार बैल. बैल पळतात ते घोडीच्या मागं, म्हणून घोडी चांगली तर गाडा चांगला, असं तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. पण घाट म्हणजे कडक मुरूम. तिथं पळताना तिच्या मागच्या पायाचा खूर पुढच्या पायाच्या शिरेवर बसायचा, आणि वर पोचलं की माणसांच्या गर्दीत एकदम थांबवावं लागायचं, तो सगळा हिसका घोट्यावर. एका यात्रेत तिची शीर सुजली. तुम्ही रोज तिच्या पायावर गार पाण्याच्या धारा सोडायचात, सकाळी आणि संध्याकाळी, विहिरीवरून बादल्या आणून. सूज उतरली तेव्हा तुम्हाला कोणीतरी सांगितलं की पुण्यात रेसच्या घोड्यांना बूट घालतात, चामड्याचे नि फोमचे, पायाला आधार देणारे. त्या दिवसापासून तुमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझ्या पायालाही आधार होता. डाव्या पायात पोलिओ, हे लिहायला नको, पण लिहिते, कारण तुम्ही हा शब्द कधी उच्चारला नाहीत. "पायात जरा कमी हाय" म्हणायचात, जसं भाजीत मीठ कमी असतं. मांडीपासून खाली दोन लोखंडी दांड्या, वर चामड्याचा पट्टा, गुडघ्यावर एक पट्टा आणि खाली काळा जाड बूट. मी दुसरीत असताना केलेलं ते कॅलिपर चौथीत तोकडं पडलं. मी वाढत होते, दांड्या वाढत नव्हत्या. वरचा पट्टा मांडीत रुतायचा, बिजागरी गुडघ्याच्या खाली यायची, आणि गुडघा सरळ राहायच्या ऐवजी हळूहळू वाकून बसायला लागला. आई रोज सकाळी पट्ट्याखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवून वरून चिंधी बांधायची. तरी जखम व्हायची. मी सांगायचे. आईला सांगायचे, तुम्हालाही सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "व्हय, जाऊ पुण्याला. डॉक्टरची तारीख घेतलीया की."

ती तारीख आली. यात्रा तोंडावर होत्या. मळेवाल्या आबांची जीप मागून आणलीत आणि सकाळी आपण दोघंच निघालो. आईला यायचं होतं, पण तुम्ही म्हणालात, "तू कशाला? गाईंचं कोण बघंल?" तिनं चिंधी बांधली, माझ्या मांडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "डॉक्टरला नीट दाखव. लाजू नको, सगळं सांग." मी पुढच्या सीटवर बसले. असं तुमच्या शेजारी मी कधी बसले नव्हते.

पुण्यात शिरल्यावर तुम्ही म्हणालात, "आधी पाच मिंटं बुटाचं बघून घिऊ. मग निवांत तुझं." ते दुकान कॅम्पात होतं. आत चामड्याचा आणि मेणाचा वास, भिंतीभर लगाम, खोगिरं, आणि मागं एक म्हातारे दुकानदार, हिंदी बोलणारे. तुम्ही खिशातून सुतळी काढली. तांबडीच्या गुडघ्याखालून घोट्यापर्यंतच्या लांबीची एक आणि नळीच्या जाडीची दुसरी, गाठी मारून आणलेली. म्हातारबाबांनी ती सुतळी हातात घेतली आणि हसून म्हणाले, "आप तो पूरी तैयारी से आए हो." तुम्हाला केवढा आनंद झाला. मग एकामागून एक बूट निघायला लागले. बकलांचे चामड्याचे, आतून लोकरीचा जाड नमदा लावलेले. ते तुम्हाला आवडले, पण घाम मुरला की कडक होतात म्हणून बाजूला ठेवलेत. पातळ कापडाचे, ते तुम्ही हातात चुरगाळून बघितलेत आणि "हे न्हाई, खुराचा दणका बसला तर फाटंल" म्हणालात. मागच्या बाजूला कडक पट्टी असलेले आणि घोट्याखालून झोळी जाणारे. ते धरल्यावर तुमचा चेहरा बदलला.

तरी तुम्हाला खात्री पटेना. कडक पट्टीची कड आतून लागेल का, पट्टा कुठं आवळेल, हे घोडीशिवाय कसं कळणार? तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "हात कर पुढं." मी हात पुढे केला. तो बूट तुम्ही माझ्या कोपराखाली गुंडाळलात, पट्टे लावलेत, माझा हात खाली-वर हलवलात आणि विचारलंत, "कुठं टोचतंय का? नीट सांग. हितं? हितं आवळतंय?" मी डोळे मिटून अगदी मन लावून सांगितलं. "आप्पा, वरच्या बाजूला जरा कड लागतीय." तुम्ही तो बूट काढलात आणि दुसरा घातलात. परत विचारलंत. तिसरा घातलात. इतक्या हलक्या हातानं तुम्ही माझ्या अंगाला त्याआधी कधी हात लावला नव्हता, आणि नंतरही नाही. म्हातारबाबा काउंटरवरून वाकून माझ्या पायाकडे बघत होते. म्हणाले, "साहब, बच्ची का पट्टा देखा? चमडा गल गया है. लगता होगा इसे." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हां, उसी के लिए तो आए हैं." आणि माझ्या हातावरचा पट्टा एक घर सैल केलात.

दुकानातून निघालो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तुम्ही आभाळाकडे बघितलंत आणि म्हणालात, "आता बंद झालं आसंल दवाखान्याचं. पुढच्या आठवड्यात यिऊ." बंद झालं होतं की नव्हतं, हे आपण बघितलंच नाही, आप्पा. त्या रस्त्यानं जीप वळलीच नाही. आज मला पुण्यातले रस्ते माहीत आहेत. त्या दुकानापासून दवाखाना आणि त्याचं कॅलिपरचं वर्कशॉप इतकं जवळ होतं की तिथं जाऊन दार वाजवून बघायला काही लागत नव्हतं.

घरी आल्यावर आई दारातच होती. तिनं विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" आणि तुम्ही बुटांची पिशवी खाली ठेवत म्हणालात, "डॉक्टर रजेवर गेलाय. आता यवढं पुण्यापातुर गेलोच व्हतो, म्हणून मग बूट तरी घिऊन आलो." तुम्ही अडखळला नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाहीत, इतकी तुम्हाला माझी खात्री होती. आई म्हणाली, "मुडदा बशीवला त्या डॉक्टरचा. तारीख देतो आन् रजेवर जातो." त्या न बघितलेल्या डॉक्टरला आईनं पुढं कित्येक वर्षं शिव्या दिल्या. माझा पाय दुखला की डॉक्टर, शाळेत पडले की डॉक्टर.

पुढचा आठवडा आला नाही. आधी यात्रा होऊ द्या, मग पाऊस झाला, मग कांदा लावायचा होता. तोपर्यंत तांबडीचे बूट घालायचं काम माझ्याकडे आलं. मला पळता येत नव्हतं, विहिरीवर जाता येत नव्हतं. पण खाली बसले की मी घोडीच्या नळीच्या बरोबर उंचीला यायचे, आणि माझ्या हाताची बोटं बारीक होती. तुम्ही शेजारी उभं राहून शिकवायचात. पाय कोरडा आहे का बघ. माती चिकटलीय का बघ. केस बसव. पट्ट्याची टोकं बाहेरच्या बाजूला, मागं वळलेली. बूट गुडघ्याला भिडता कामा नये. काम झालं की लगेच काढायचे, घालून ठेवायचे नाहीत, आणि काढल्यावर तळहात लावून बघायचं, कुठं गरम लागतंय का. मी सगळं शिकले. शेजारच्या गावचे गाडामालक यायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "आमच्या घोडीचं बूट ही पोर घालती." ते माझ्याकडे बघायचे, मग माझ्या पायाकडे बघायचे, आणि मग चहा प्यायचे.

एकदा माझ्याकडून एक काडी राहिली. कडब्याची बारीक काडी, बुटाच्या आतल्या अस्तराला चिकटलेली. तांबडी घाटात पळून आली आणि बूट काढला तर नळीवर बोटभर जागा सोलली होती, रक्त नव्हतं, नुसती लाल. तुम्ही ते बघितलंत आणि माझ्या कानाखाली मारलीत. यात्रेतून परत निघालेली माणसं भोवती होती. तुम्ही ओरडलात, "आगं, मुकं जनावर हाय ते! त्याला सांगता येतंय व्हय, कुठं टोचतंय? तुला कळाया नगं?" मी रडले नाही. तुम्ही लगेच खाली बसलात, खोबरेल मागवलंत आणि त्या लाल जागेवर बोटानं हळूहळू तेल लावत राहिलात, तोंडानं तिला काहीतरी बोलत. मी तिथंच टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी होते. माझ्या मांडीवरच्या जखमेला तेव्हा पाणी सुटलं होतं, आणि चिंधी चिकटून बसली होती. मी मुकी नव्हते, आप्पा. मला सांगता येत होतं. मी सांगत होते.

शेवटी मामा मला पुण्याला घेऊन गेले, तुम्ही नाही. वर्कशॉपमधला माणूस जुनं कॅलिपर काढून माझ्याकडे बघत राहिला. त्यानं गुडघा सरळ करून बघितला, तो झाला नाही. मामांना म्हणाला, "हिला किती आधी आणायला पाहिजे होतं. आता हाडानंच वळण घेतलंय. याच्यावर नवं कॅलिपर बसणारच नाही. आधी प्लास्टर, नाहीतर ऑपरेशन." मग प्लास्टर झालं, ते काढून परत झालं, आणि शेवटी ऑपरेशनही झालं. माझं शाळेचं एक वर्ष त्यात गेलं. गुडघा सरळ झाला तो असा की पुन्हा कधी वाकला नाही. मी खाली मांडी घालून बसू शकत नाही. एसटीच्या सीटवर पाय मधल्या वाटेत पसरून बसावं लागतं, आणि येणारा-जाणारा त्याला अडखळतो नि मग मलाच सॉरी म्हणतो. माझ्या लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा त्या लोकांनी मला उठून चालून दाखवायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी आईला कुणाला बोलवू दिलं नाही.

तुम्ही हॉस्पिटलात एकदाच आलात. वॉर्डाच्या दारात उभे राहिलात, आत पाऊल टाकावं की नाही अशा विचारात. माझ्या प्लास्टरकडे बघितलंत आणि म्हणालात, "तांबडी तुझी वाट बघतीया. दुसऱ्या कुणाला बूट घालू देत न्हाई." मी तुमच्याकडून दुसऱ्या कशाची तरी वाट बघत होते. ते काय, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येईल. पण तुम्ही पेढ्यांचा पुडा कॉटवर ठेवलात आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून निघालात.

मग तुम्ही गेलात. उसाला पाणी देत होता, बांधावर बसलात आणि उठलाच नाहीत. दहाव्याला नदीवर सगळा गाव होता. भाषणं झाली. तुम्ही कसे जनावरावर माया करणारे, मुक्या जिवाची भाषा तुम्हाला कशी कळायची, असं सरपंच बोलले. माणसं डोळे पुसत होती. मी मागं खुर्चीवर होते, कारण खाली बसता येत नव्हतं, आणि बायका माझ्याकडे बघून म्हणत होत्या, बापाची लाडकी होती. तांबडी दादानं पुढं विकली. बूट उंदरांनी खाल्ले.

आता रविवारचं पुढचं सांगते. घोडीचं झाल्यावर आईनं मला आत जेवायला बोलावलं. ती आता थकलीय, पाठीत वाकलीय, पण भाकरी स्वतःच करते. माझ्यासाठी ओट्याजवळ खुर्ची ठेवलेली असते. मी पाय लांब करून बसले, तशी तिनं नेहमीसारखी माझ्या पायाकडे बघून सुरुवात केली. "त्या दिशी तो डॉक्टर रजेवर नसता तर आज माझी लेक मांडी घालून बसली असती. त्याच्या घरादाराचं वाटोळं..." इतकी वर्षं मी हे ऐकून घेतलं. पण बाहेर दादा घोडीला फिरवत होता आणि त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, तुलाच जास्त जीव लावला.

मी म्हणाले, "आई, डॉक्टर रजेवर नव्हता. आम्ही दवाखान्यात गेलोच नाही. आप्पा दिवसभर बुटाच्या दुकानात होते."

आईनं भाकरी उलटली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मी परत सांगायला तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पायजे? सकाळी चिंधी मी बांधली व्हती. सांजच्याला सोडाया गेले तर गाठ माझ्याच हातची, जशीच्या तशी. एक डॉक्टर नसला तर दुसरं कुणी तरी सोडून बघितलं आसतं का न्हाई? तवाच कळलं मला. कुणी हातसुदिक लावला न्हवता."

मग मी विचारलं, "मग इतकी वर्षं त्या डॉक्टरला कशाला शिव्या देतेस?"

तिनं तवा खाली उतरवला. पदरानं हात पुसले. म्हणाली, "कुणाला तरी द्याव्या लागत्यात बाई. आप्पांस्नी दिल्या आसत्या तर मी कुठं ऱ्हायले आसते? त्यांच्याच घरात ना?" आणि मग, "मला एकटीला पुण्याला जाता आलं आसतं ना, तर दुसऱ्याच दिशी तुला उचलून नेली आसती. पर यष्टीत एकटी कधी बसले न्हवते मी. त्यांनी बसूच दिली न्हाई कधी." मग तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली, वर लोणी घातलं आणि म्हणाली, "जेव. गार व्हईल."

हे तुम्ही केलंत, आप्पा. नुसता माझा गुडघा नाही. एक बाई आयुष्यभर एका बिनचेहऱ्याच्या माणसाला शिव्या देत बसली, कारण ज्याला द्यायच्या होत्या तो रात्री शेजारी जेवायला बसत होता आणि त्याला गरम भाकरी लागत होती. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत राहिलो. तुम्हाला वाचवायला. तुम्ही ते एकदा खोटं बोलून मोकळे झालात; तुमच्या लेखी काही घडलंच नव्हतं. मी खूप विचार केला की तुम्ही वाईट होता का. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तुम्हाला दुखणं कळत होतं. पायावर हात ठेवला की आत कुठं गरम आहे हे तुमच्या तळहाताला समजत होतं. ते सगळं तुमच्याकडे होतं, भरपूर होतं, आणि तुम्ही ते कुणाला द्यायचं ते ठरवलं होतं. मला हे माफ करता येत नाही. लोक म्हणतात वय झालं की येतं. माझं वय झालं, अजून आलेलं नाही.

निघताना दादानं विचारलं, "यात्रंला येशील ना? बूट तूच घाल." मी सांगितलं, येणार नाही, तू शिकून घे. त्याला गोठ्यात परत बसवलं आणि त्याच्याकडून दोनदा बूट घालून घेतले, दोनदा काढून घेतले. त्याचा हात जड आहे, पण येईल. त्याला वाईट वाटलं असावं. वाटू दे.

हे कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. दादाला दाखवायचे नाहीत. आईला वाचता येतं, थोडं थोडं, अक्षरावर बोट ठेवून. पण तिनं तिचं सांगून टाकलंय, आता माझं तिच्यावर घालायचं नाही. कपाटात शाळेच्या जुन्या पेपरांखाली राहतील, नाहीतर रद्दीत जातील.

फक्त एक राहिलं, जे मी आईला रविवारी सांगितलं नाही. दुकानातून निघाल्यावर आपण सरळ घरी आलो नाही. कोरेगाव भीमाला तुम्ही जीप वढूच्या रस्त्याला घातलीत. म्हणालात, "बाहेर पडलोच हाय तर म्हाराजांचं दर्शन घिऊन जाऊ." समाधीपाशी फरशी अजून तापलेली होती, चप्पल काढून माणसं टाचांवर चालत होती. मला उतरवायला गेलात, मग थांबलात, आणि वाकून म्हणालात, "बस पाठीवर." कॅलिपरसकट, बुटासकट मला पाठीवर घेतलंत. दांड्या तुमच्या बरगड्यांत जात असणार. तुम्ही हळूहळू चाललात, वाटेत माणसांना "जरा सरका, पोरगी हाय" म्हणत. एवढ्या उंचावरून मी कधीच काही बघितलं नव्हतं. माणसांची डोकी, टोप्या, झाडांचे शेंडे, पलीकडे उसाची हिरवी शेतं. तुमच्या मानेला घामाचा आणि दुकानातल्या मेणाचा वास येत होता. तुम्ही दवाखाना चुकवलात म्हणून मी हे सगळं लिहिलं. पण आप्पा, तेव्हा मला त्या दवाखान्याची आठवणही नव्हती. तुम्ही मला खाली ठेवू नये, एवढंच वाटत होतं.